टर्बो: नुसत्या ऑइलवरचा की पाण्याचा?

फोंड्याचा भाचा जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवतोय. नुसत्या ऑइलने थंड होणारा स्वस्त पडतो, मग पाण्यानेही थंड होणारा कशाला, हा त्याचा प्रश्न.

आधी एक गैरसमज काढू. पाण्याच्या टर्बोलाही बेअरिंगसाठी (आतला दांडा ज्यावर फिरतो तो आधार) ऑइल लागतंच. पाणी फक्त बेअरिंगभोवतीच्या मधल्या हाउसिंगची, म्हणजे कवचाची, उष्णता नेतं.

खरा फरक इंजिन बंद केल्यावर कळतो. केरीहून चोर्ला घाट दामटत चढलास, वर चहाला थांबलास आणि लगेच चावी फिरवलीस. पेट्रोल गाडीत टर्बाइनकडे (टर्बोचं धुराने फिरणारं चाक) येणारा धूर ९०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. ऑइल पंप थांबला की ती धग बेअरिंगकडे सरकते, अडकलेलं ऑइल जळून काळी खरपुडी धरते, अगदी करपलेल्या कढईसारखी. पाण्याच्या टर्बोत नळ्यांची चढण नीट ठेवली, तर इंजिन बंद असतानाही तापलेलं पाणी ती धग घेऊन आपोआप वर सरकत राहतं.

खर्चात ऑइलवाला जिंकतो. पाण्याला दोन नळ्या, बँजो बोल्ट (नळी जोडणारे पोकळ बोल्ट), वॉशर जास्त. गळतीच्या जागाही तेवढ्याच वाढल्या. अरुंद बॉनेटखाली त्या बसवताना हात सोलून निघतात, ते वेगळंच.

ताकद? पाण्याने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही.

डिझेलचा धूर तुलनेने थंड. तिथे, किंवा बंद करण्याआधी दोन मिनिटं गाडी शांत चालवण्याइतका धीर असेल, तर ऑइलवाला पुरे. बॉल बेअरिंगचा टर्बो, जोरदार पेट्रोल गाडी, घाटाची हौस असेल तर पाण्याचाच घे. भाच्याला धीर नाही, म्हणून त्याला पाण्याचाच सांगितलाय.