काखेचा काळेपणा आणि घामाचे डाग 'एका वापरात' घालवणारी क्रीम-पावडर घेताय? आधी हे वाचा

काखेचा काळेपणा घालवणारी क्रीम आणि कपड्यावरचे घामाचे पिवळे डाग काढणारी पावडर अशी जोडी ऑनलाइन विकतात ना, ती मी घेतली आणि चांगलीच फसले. मुद्दाम लिहितेय कारण ह्यातली खरी मेख अशी आहे की माल सुरुवातीला काम करतो, त्यामुळे शंकाच येत नाही.

व्हिडिओत ते लोक शर्टाचा काखेकडचा भाग पाण्यात बुडवतात आणि दोन सेकंदांत डाग गायब. घामाचा जुना डाग असा जातच नाही! आयोडीनचा डाग मात्र व्हिटॅमिन सी च्या पाण्यात असाच डोळ्यांदेखत उडतो, आता व्हिडिओ परत बघितला की तो तपकिरी रंग मला आयोडीनचाच वाटतो.

पावडरीचा डबा उघडला तर क्लोरीनचा भपकारा आला, म्हणजे साधं ब्लीच. पहिल्या धुण्यात शर्ट उजळला, उन्हात तर निळसर चमकत होता, पण ती चमक ब्राइटनरची, म्हणजे कपडा पांढरा भासवणाऱ्या रसायनाची असते, त्याने डाग निघत नाही फक्त झाकला जातो. पुढच्या धुण्यांत डाग आधीपेक्षा गडद पिवळा झाला आणि एकदा पिळताना शिवणीजवळचं कापड ओल्या कागदासारखं हातात आलं. हा पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो, अँटीपर्स्पिरंटमधले (घाम रोखणाऱ्या रोल-ऑन किंवा स्प्रेमधले) ॲल्युमिनियमचे क्षार, घाम आणि त्वचेचं तेल मिळून तो बसतो, आणि त्यावर क्लोरीन ब्लीच पडलं की बरेचदा अजून वाढतो.

कपड्याचं सोडा हो, क्रीमचं जास्त वाईट. लावायला लागल्यावर खाज थांबली, रंग उजळला, मी खूश. मग काखेत लालसर-जांभळे उभे वळ उठले, त्वचा इतकी पातळ झाली की घाम आला तरी चुरचुरायचं. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "क्रीमचा डबा आणलाय का?" डब्यावर ना घटक, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचं नाव. त्या म्हणाल्या ही लक्षणं स्टिरॉइडची आहेत, आणि काखेत घडी असते, त्वचा नाजूक असते, तिथे औषध जास्त शोषलं जातं. ते वळ पूर्ण जात नाहीत म्हणे, ह्याचा मला भयंकर राग आहे. अशा बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारासुद्धा सापडलेला आहे, तो किडनीला घातक असतो. विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी "स्किन डिटॉक्स होतेय, चालू ठेवा" आणि मग सरळ ब्लॉक.

काळेपणा बरेचदा घर्षणाने, रेझरने किंवा डिओच्या ॲलर्जीने येतो, तो गोरं करायची क्रीम लावून कसा जाणार? आणि त्वचा काळी, जाड, मखमली वाटत असेल, मानेवरही तसंच असेल तर शुगर तपासून घ्या, ते इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं लक्षण असू शकतं. लिंबू-सोडा चोळू नका, आग होऊन डाग उलट वाढतात.

पांढऱ्या कॉटनच्या डागाला मी आता 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडा खायचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड लावते, अर्धा तास ठेवून धुते, आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघते. डाग निघाल्याशिवाय इस्त्री किंवा गरम पाणी नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. ह्या मिश्रणाऐवजी नुसतं व्हिनेगरही चालतं, पण ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. अँटीपर्स्पिरंट रात्री कोरड्या काखेत लावलं तर कामही नीट करतं आणि कपड्यालाही कमी लागतं.

आणि कोणी अशी क्रीम आत्ता वापरत असेल तर मनानेच एकदम बंद करू नका, स्टिरॉइड असेल तर त्रास उसळून येतो, डबा घेऊन लवकरात लवकर डॉक्टरांकडे जा. डबा फेकू नका, तक्रार करायची तर तोच पुरावा आहे.