झेनोडोवर मराठी शोधनिबंध ठेवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. अभ्यासाचा विषय आगरी-कोळी लग्नांतले धवले, म्हणजे विधींच्या वेळची पारंपरिक गाणी, आणि ती म्हणणाऱ्या बायका, म्हणजे धवलारणी. माझे बरेचसे निबंध कुणालाही फुकट वाचता येतील अशा छोट्या ऑनलाइन नियतकालिकांत आले. त्यातलं एक नियतकालिक वेबवरून नाहीसंच झालं. डोमेनची मुदत संपली, संपादकांच्या मेलचं उत्तर येईना, आणि आता त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात. पीएचडी करणारी माझी विद्यार्थिनी तळटीपा लावत होती. तिने विचारलं, "मॅडम, तुमचा निबंध आता कुठे आहे म्हणून लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असं पुष्कळांचं झालंय. लाक्सो, मथायस आणि यान यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की २००० ते २०१९ या काळात १७४ खुली नियतकालिकं वेबवरून गायब झाली. मोठे प्रकाशक आपल्या अंकांच्या प्रती पोर्टिको, क्लॉक्स अशा जतनसंस्थांकडे ठेवतात. दोन-तीन प्राध्यापकांनी पदरमोड करून चालवलेल्या नियतकालिकाला ते कुठून जमणार? म्हणून लेखकानेच आपली प्रत सुरक्षित जागी ठेवायची.

आमच्या महाविद्यालयाची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे शोधनिबंध जपून ठेवणारं ऑनलाइन भांडार, नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगा आहे, पण ते पीएचडीच्या प्रबंधांसाठी. मग मी झेनोडो हे सगळ्यांसाठी खुलं असलेलं भांडार निवडलं. जिनिव्हाची सर्न ही कणभौतिकीची संशोधन संस्था २०१३ पासून ते चालवते. पैसे लागत नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फायली बसतात आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे संदर्भात देता येईल असा कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो.

अपलोड करण्याआधी हक्कांचं बघावं लागतं. निबंधावर सीसी बाय परवाना, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावा अशी मुभा, असेल तर छापलेली पीडीएफ तशीच ठेवता येते. नसेल तर प्रकाशकाचं धोरण शोधायचं. अशा धोरणांची, पूर्वी शेर्पा रोमिओ म्हणत ती यादी आता ओपन पॉलिसी फाइंडर या नावाने चालते. आपल्याकडच्या छोट्या नियतकालिकांसाठी मात्र मी सरळ संपादकांना मेल करते आणि आलेली परवानगी जपून ठेवते. पुष्कळदा स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनंतरची पण प्रकाशकाची मांडणी नसलेली प्रत, ठेवायला हरकत नसते.

खरा वेळ खाल्ला तो फॉण्टने. माझे जुने निबंध युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टाइप केलेले, म्हणजे दिसायला देवनागरी पण आत साठवलेली रोमन अक्षरं. पीडीएफ उघडली की सुरेख मराठी दिसतं. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा, रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. फाइलमध्ये 'धवलारीण' शोधलं तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. अशी फाइल शंभर वर्षं टिकली तरी निम्मी हरवलेलीच म्हणायची. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, कारण जुन्या फॉण्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते. रफार सरकतो, 'सुपाऱ्या', 'वऱ्हाडी' यांतला अर्धा र मोडतो. धवल्यांच्या बोलीतले शब्द कोणताही स्पेलचेक ओळखत नाही, तेव्हा ओळ न् ओळ डोळ्यांनी वाचली. मग लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमधून पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात एक्सपोर्ट केलं. त्यात फॉण्ट फाइलच्या आतच राहतो, त्यामुळे उद्या कुणाच्या मशीनवर तो नसला तरी अक्षर बिघडणार नाही. सोबत साधी टेक्स्ट फाइलही ठेवते, कारण युनिकोड पीडीएफमधूनही देवनागरी कधीकधी उलटसुलट कॉपी होतं.

नोंद भरताना भाषा 'मराठी' निवडता येते, हे पाहून बरं वाटलं. कळीचे शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही घालावेत. निबंधाला आधीचा चालू डीओआय असेल तर तोच लिहायचा, नवा घ्यायचा नाही. नाहीतर एकाच निबंधाच्या दोन ओळखी तयार होतात. प्रकाशित केल्यावर फाइल सहसा परस्पर बदलता येत नाही. दुरुस्ती हवी तर नवी आवृत्ती काढायची, जुनी तिथेच राहते. संदर्भ देणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. फाइलच्या नावाखाली एमडी५ची आकडे-अक्षरांची ओळ दिसते, फाइलमधून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. महाविद्यालयातल्या संगणकावर निबंध डाउनलोड करून विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने मी ती ओळ पडताळली. तंतोतंत जुळली, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे.

तक्रारीही आहेत. सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना शेजारी बसून नोंद भरून द्यावी लागते. शोध मुख्यतः नोंदीतल्या माहितीवर चालतो, म्हणून सारांश त्रोटक लिहिला तर निबंध सापडणं कठीण. आणि इथे मजकुराचं परीक्षण होत नाही. तेव्हा 'झेनोडोवर प्रकाशित' असं बायोडेटात लिहिणं मला पटत नाही. निबंध प्रकाशित नियतकालिकात झाला, झेनोडोवर त्याची प्रत आहे.

एकाच जागेवर विसंबूही नये. मी इंटरनेट आर्काइव्हवरही प्रत ठेवते आणि घरच्या हार्ड डिस्कवरही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. छापील अंक तिथल्यासारख्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ऑनलाइन अंकाची तशी काळजी कुणी मुद्दाम घेतली तरच होते.

आता ध्वनिमुद्रणं घेतली आहेत. दिवाळे गावच्या एका आजींनी धवले म्हणताना बजावलं होतं, "अभ्यासाला दे, मोबाइलवर फिरवू नको." झेनोडोवर नोंद सर्वांना दिसेल आणि फायली बंद राहतील, अशी सोय आहे, कुणाला हवं असेल तर तो विनंती पाठवतो आणि मी ठरवते. आजींची अट त्यात पाळता येते. ज्या धवलारणींची संमती नुसती तोंडी आहे, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ती लिहून किंवा रेकॉर्ड करून घेतेय. तोवर त्या फायली अपलोड करणार नाही.