खोक्यातलं नवं इंजिन: चेन पुली लावायची की हायड्रा बोलवायची?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. कोकणात इंजिन बदलायची कामं निघतात ती याच दिवसांत. नवं सहा सिलिंडरचं मरीन डिझेल लाकडी खोक्यात येतं. गिअरबॉक्ससकट आठ-नऊशे किलो धरून चला. ते काढायचं कशाने, चेन पुलीने (हाताने साखळी ओढून भार उचलायचं साधन) की हायड्राने (चाकांवर चालणारी क्रेन), यावर प्रत्येकाचं मत वेगळं, आणि चर्चा सगळी वजनावर. मला विचाराल तर आधी हे ठरवा, की खोक्यातून निघालेलं इंजिन लगेच बोटीत जाणार आहे की शेडमध्येच राहणार आहे.

शेडमध्येच ठेवायचं असेल, तर दोन टनी चेन पुली आणि तिला टांगायला भक्कम लोखंडी गर्डर, यापुढे काही नाही. साखळी ओढू तेवढंच इंजिन वर येतं, हात थांबला की तेही थांबतं. घाईचा प्रश्नच येत नाही. गर्डर नसेल तर तीन पाइपांची तिपाई चालते, पण पावसाळ्यात पाय चिखलात सरकतात. खाली फळ्या घाला आणि तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधा. तिपाईवर भार सरळ खालीच हवा, इंजिन बाजूला ओढायला गेलात तर ती कलंडते. म्हणून इंजिन उचलायचं, खोक्याचा तळ खालून ओढून काढायचा आणि तिथेच जाड ओंडक्यांवर ते टेकवायचं. उंचीचा हिशेब आधी करा: तळ, इंजिन, ते उचलायचे कापडी पट्टे आणि पुलीच्या दोन हुकांमधलं अंतर, सगळं धरून तीन मीटर सहज लागतात.

गॅरेजवाल्यांची चाकाची इंजिन क्रेन स्वस्तात मिळते, पण या कामाला मी ती घेणार नाही. दोन टनाची म्हणून आणली, तरी दांडा पूर्ण बाहेर काढला की ती साधारण पाव भारच उचलते. आणि दांडा बाहेर काढावाच लागतो, कारण खोक्याचा तळ आडवा येतो, तिचे पाय त्याच्याखाली शिरत नाहीत. फोर्कलिफ्ट खोकं ट्रकमधून उतरवायला उत्तम. नुसत्या काट्यांवर पट्टा टाकून इंजिन लटकवणं मात्र नको, पट्टा घसरतो. जेसीबीच्या दातांना पट्टा अडकवायचा विचारही करू नका.

इंजिन थेट बोटीत जाणार असेल तर हायड्राच. वर उचलणं, काठावरून आत नेणं आणि केबिनच्या भोकातून खाली सोडणं हे तिपाईच्या आवाक्याबाहेरचं आहे. फक्त हायड्रावरचा बारा टनांचा आकडा बघून निर्धास्त राहू नका. तो भार बूम, म्हणजे क्रेनचा लांब दांडा, जवळ असतानाचा. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने उतरते, आणि भिजलेल्या रेतीत चाक रुतलं तर आकड्याला अर्थच उरत नाही. जुने मेकॅनिक हायड्राच्या हुकाला एक छोटी चेन पुलीही लावतात, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिची साखळी कमी-जास्त करून इंजिन पंख्याच्या शाफ्टच्या उताराला जुळवत बोटीतल्या फाउंडेशनवर बसवता येतं. नुसत्या हायड्राने ते जमवायला निघालात, तर बोल्टची भोकं जुळता जुळत नाहीत.

पट्ट्यांचं गणित दोन्हीकडे सारखंच. नऊशे किलोला दोन पट्टे आडव्याशी ६० अंशात असतील, तर प्रत्येकावर सुमारे ५२० किलो येतात. ते पसरून ३० अंशावर आले की प्रत्येकावर पूर्ण नऊशे, शिवाय आत दाबून रॉकर कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) आणि पाइप चेपतात ते वेगळंच. जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोनचा. हिरवाच घ्या, पण लेबल वाचून. पट्टे इंजिनच्या स्वतःच्या हुकांनाच लावा, मॅनिफोल्डला (हवा-धुराच्या नळ्यांना) किंवा इंजिनच्या बेल्टच्या पुलीला नाही. ते हुक गिअरबॉक्सचाही भार घेतात का, हे मॅन्युअलमध्ये बघा.

इंजिन तळाला बोल्टने आवळलेलं असतं. एखादा बोल्ट राहिला की अख्खा तळ इंजिनबरोबर वर येतो आणि मध्येच सुटून पडतो. म्हणून आधी चार बोटं उचलून थांबा, चारही बाजूंनी फिरून बघा. इंजिन तिरकं वाटलं तर खाली टेकवून पट्टे पुन्हा बांधा. वर असताना त्याला हाताने ढकलू नका, बांधलेल्या दोरीने वळवा.

हायड्रा तासावर मिळते आणि मीटर ती आल्यापासूनच चालू होतो. तेव्हा खोक्याच्या बाजू, खिळे, बोल्ट हे सगळं ती यायच्या आधी काढून ठेवा. ठरवतानाच तपासणीचा दाखला मागा. बारा महिन्यांच्या आतला नसेल, तर दुसरी बघा.