जीबीच्या जागी एलटी: लंडनच्या खोलीपायी गेलेले २,०७० पौंड

आधी आकडे. ११ ऑगस्ट २०२५ ला १,९५० पौंड, १४ ऑगस्टला आणखी १२० पौंड. बँकेने दर लावला ११८ रुपये, म्हणजे २,४४,२६० रुपये. वर दोन्ही वायर ट्रान्सफरचं शुल्क, प्रत्येकी १,१८० रुपये. झाले २,४६,६२०. बदल्यात हातात काय, तर लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागातल्या एका खोलीचं अकरा पानी अ‍ॅग्रीमेंट. त्यातही घरमालकाच्या नावाचं स्पेलिंग पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरंच.

सप्टेंबर इनटेकचे, म्हणजे सप्टेंबरमध्ये तिकडे शिकायला जाणाऱ्यांचे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यातल्या 'रूम अव्हेलेबल'च्या पोस्ट, परदेशी गेलेला मालक, कुरिअरने येणाऱ्या किल्ल्या हे फसवणुकीचं सगळं तंत्र तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. म्हणूनच तर लाज वाटते. पण इथे परदेशी गेलेला मालक नव्हताच, एक 'ताई' होती. स्वच्छ मराठी बोलणारी, 'अगं, मीपण अशीच एकटी आले होते' म्हणणारी. परमुलखात मराठी कानावर पडलं की आपण अर्धे तिथेच विरघळतो, आणि या टोळ्यांना ते आपल्यापेक्षा नीट माहीत आहे. मूर्ख म्हणायच्या आधी एवढंही बघा: विद्यापीठाच्या हॉस्टेलची यादी कधीच भरलेली, आणि भाड्याची हमी देणारा इंग्लंडमधला गॅरंटर नाही म्हटलं की एजंट सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत होते. अशात कुणी 'फक्त दीड महिन्याचं डिपॉझिट' म्हणालं तर तो देवमाणूसच वाटणार.

आता तो व्हिडिओ. दोन मिनिटं दहा सेकंदांचा. खोली, खिडकी, स्वयंपाकघर, बाथरूम. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सॉकेट दिसतं: गोल, आत खोलगट, दोन भोकांचं. इंग्लंडमध्ये सॉकेट तीन चपट्या पिनांचं असतं आणि बहुतेक वेळा शेजारी स्विच असतो. त्याच आठवड्यात तीन चपट्या पिनांचे दोन अ‍ॅडॉप्टर विकत घेऊन बॅगेत टाकले होते! पुढे बाथरूममध्ये वॉशिंग मशीन, त्याच्यामागे तसलंच गोल सॉकेट. इंग्लंडमधल्या घरांत मशीन सहसा स्वयंपाकघरात असतं आणि बाथरूममध्ये फार तर दाढीच्या यंत्रापुरतं सॉकेट. म्हणजे व्हिडिओ युरोपातल्या भलत्याच देशातला होता. तो चार वेळा पाहिला, घरच्यांनाही दाखवला. सगळ्यांनी बघितलं काय, तर उजेड भरपूर येतो आणि कपाट मोठं आहे. ते सॉकेट आजही डोळे मिटले की दिसतं.

व्हिडिओ मागूच नका असं नाही, पण लाइव्ह कॉल मागा. कॉलवर खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगा, नळ सोडायला सांगा, घराच्या नंबरची पाटी दाखवायला सांगा. 'आता भाडेकरू झोपलेत' असं उत्तर आलं की तिथेच थांबा.

मग डिपॉझिटचं गणित. भाडं महिना ७८० पौंड. बाराने गुणून ५२ ने भागा, आठवड्याचे १८० येतात. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज कायद्याप्रमाणे वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, म्हणजे इथे ९०० पौंड. खोली राखून ठेवायची रक्कम एका आठवड्याहून जास्त नाही, म्हणजे १८०. 'ताई'ने घेतले दीड महिन्याचे ११७० आणि पहिल्या महिन्याचे ७८०. तीन दिवसांनी 'रेफरन्स चेक'चे १२०. ही असली फी भाडेकरूकडून घ्यायला त्याच कायद्याने बंदी आहे. फोनच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होणारा हिशोब, आणि तो केला कधी, तर पैसे गेल्यावर.

(१ मे २०२६ पासून नियम आणखी कडक झालेत. खाजगी भाड्याच्या घरात करारावर सही होण्याआधी भाडं मागता येत नाही, आणि सहीनंतर, राहायला जाण्याआधी, एका महिन्याहून जास्त आगाऊ नाही. त्यामुळे 'सहा महिन्यांचं दिलं तर तुझं नाव वर घेते' असं आता कुणी म्हणालं तर समजून घ्या.)

सगळ्यात जास्त राग येतो तो खात्याच्या नंबराचा. इंग्लंडमधल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जीबी या अक्षरांनी सुरू होतो. इथे सुरुवात होती एलटी, म्हणजे लिथुआनिया. फॉर्म भरताना ही दोन अक्षरं हाताने टाइप केली आहेत. 'आमचं बिझनेस अकाउंट युरोपात आहे, फी वाचते' हे तिचं उत्तरही पटलं होतं.

आता नीट वाचा, कारण हे कुठलाही सल्लागार सांगत नाही. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या बँकांना अशा फसवणुकीत गेलेले पैसे ग्राहकाला परत करावे लागतात. मर्यादा ८५ हजार पौंड, बँक त्यातून फार तर १०० पौंड कापू शकते, आणि निकाल सहसा कामकाजाच्या पाच दिवसांत. पण कधी, तर पैसे ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात गेले असतील तर. भारतातून पाठवलेल्या पैशाला हे संरक्षण शून्य. शिवाय तिथल्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं की नाही हे समोर दिसतं, आपल्या वायर फॉर्ममध्ये तसलं काही नव्हतं. 'विमानात बसायच्या आधी खोली पक्की कर' ही घाई याचसाठी असते. खोली हातची जाईल ही भीती तुमची. चोराला भीती असते ती तुमचं तिथलं खातं उघडण्याची.

म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस हॉस्टेल, ओळखीच्यांचा सोफा, काहीही चालेल. महाग पडलं तरी २,०७० पौंडांइतकं महाग पडत नाही. विद्यापीठाकडून बँकेसाठीचं पत्र घ्या, खातं उघडा, खोली पायाने चालत जाऊन बघा, मगच पैसे.

मालक खरा आहे का हे बघायला सरकारी लँड रजिस्ट्रीच्या साइटवर ७ पौंडांत त्या घराच्या मालकाचं नाव मिळतं. ऊर्जा प्रमाणपत्राची नोंद तर फुकट दिसते, त्यात घराचं क्षेत्रफळही असतं. हे दोन्ही नंतर करून पाहिलं. पत्ता खरा होता, मालक भलताच.

उलगडा झाला तो कौन्सिल टॅक्समुळे, म्हणजे तिथल्या पालिकेच्या घरांवरच्या करामुळे. २१ ऑगस्टला 'ताई'ने त्याचे १४० पौंड मागितले. सगळे भाडेकरू पूर्णवेळ विद्यार्थी असले तर त्या घराला हा कर लागतच नाही, हे नेमकं वाचलेलं होतं. तसं कळवल्यावर दोन निळ्या टिका आल्या आणि नंबर ब्लॉक. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच निरुत्तर झाली.

आणि मग तक्रारीची वारी. बँकेच्या शाखेत सांगितलं, 'तुम्ही स्वतः सही करून पाठवलेत, आम्ही काय करणार?' वायरच्या संदेशाची प्रत, ज्याला ते एमटी१०३ म्हणतात, मागितली तर काउंटरवरच्या माणसाला तो शब्दच माहीत नव्हता. ती मिळायला सहा दिवस. रिकॉलची, म्हणजे पाठवलेले पैसे परत मागवण्याची, विनंती पहिल्या चोवीस तासांत गेली तर थोडीफार आशा, हे नंतर त्यांच्याच दुसऱ्या अधिकाऱ्याने ऐकवलं. पोलीस ठाण्यात: 'गुन्हा लंडनला घडलाय, तिकडे करा.' लंडनच्या तक्रार केंद्रात: 'पैसे भारतातून लिथुआनियात गेलेत, इथे काय घडलं?' घडलं काय! घर तुमच्या शहरातलं दाखवलं, फोन नंबर तुमच्या देशाचा, कायदा तुमचा मोडला! तरी एक क्रमांक मिळाला. त्यावर पाच आठवड्यांनी ईमेल: सध्या पुढील तपास करता येणार नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा तर थाटच वेगळा, 'आम्ही व्हेरिफाय करत नाही' म्हणून त्याने तक्रारीचा मेसेज डिलीट केला आणि 'ताई'ची जुनी पोस्ट तशीच ठेवली.

लक्षात आलं त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा, ठाण्यातल्या 'उद्या या'ची वाट बघू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, समोरचा मेसेज डिलीट करतो. ई-व्हिसाच्या खात्याचा लॉगिन कुणालाही नाही, मालकाला लागतो फक्त त्या खात्यातून काढलेला शेअर कोड आणि जन्मतारीख. घर भाड्याने घेण्यासाठीचा कोड 'आर'ने सुरू होतो. तोही खोली प्रत्यक्ष बघितल्यावरच द्या. पासपोर्टची स्कॅन प्रत देताना त्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख. आमची कोरी प्रत आता कुणाकुणाकडे फिरतेय कोण जाणे. आणि डिपॉझिट खरंच भरलंत तर तीस दिवसांत ते तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत जमा झाल्याची पावती मागा. नाही मिळाली तर गप्प बसू नका.

बँकेचं शेवटचं पत्र ऑक्टोबरमध्ये आलं. लाभार्थी बँकेने खात्यात शिल्लक नसल्याचं कळवलंय, प्रकरण बंद. खाली बारीक अक्षरांत: रिकॉल विनंतीचं शुल्क ५९० रुपये, खात्यातून वळतं केलं आहे.