दोन उन्हाळे वापरलेला हमिंगबर्डचा बशी-फीडर

आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात मार्च संपत आला की रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड हे चिमुकले पक्षी परतू लागतात. तेव्हा मी लाल झाकणाची प्लास्टिकची बशी, म्हणजे त्यांना साखरपाणी पाजायचा फीडर, कपाटातून काढून धुते आणि मागच्या डेकवर टांगते. या बशीचे दोन उन्हाळे झाले. फीडर कुठला घ्यावा असं ओळखीचे लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

याआधी माझ्याकडे बाटलीचा फीडर होता. दिसायला फार देखणा, काचेचा, खाली पिवळी फुलं लावलेला. पण डेकवर दुपारचं ऊन आलं की तो ठिबकायचा. उलट्या बाटलीत साखरपाणी वर तोलून राहतं ते आतल्या कमी दाबामुळे. उन्हाने वरची हवा तापून फुगली की ती पाण्याला खाली ढकलते. मग खाली चिकट डाग, त्यावर मुंग्यांची रांग आणि पिवळ्या फुलांवर गांधीलमाश्या. तरी तेही चाललं असतं. पण एकदा फुलं खोलून पाहिली तर आत काळी बुरशी. तिथवर ब्रश पोचतच नव्हता. आपण हौसेने बोलावलेल्या पाखराला आपणच हे पाजतोय, या विचाराने मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी तो फीडर काढून टाकला.

बशी-फीडर मला २४ डॉलरना मिळाला. खाली पसरट बशी, वर चार भोकांचं झाकण, कडेने बसायला कडं आणि मधोमध मुंग्यांसाठी पाण्याची वाटी. बस, एवढंच. झाकण उचललं की सगळं उघडं, कानाकोपरा नाहीच. गरम पाणी, मऊ ब्रश, भोकांसाठी बारका ब्रश, की दोन मिनिटांत स्वच्छ. फीडर घेताना मी आता हेच आधी बघते. उन्हाळ्यात साखरपाणी दोन-तीन दिवसांत बदलावं लागतं आणि पारा नव्वद फॅरनहाइटच्या (सुमारे बत्तीस सेल्सिअसच्या) वर गेला की रोज. धुवायला कंटाळा येईल असा फीडर कितीही सुंदर असला तरी पक्ष्याच्या कामाचा नाही.

साखरपाण्याची पातळी झाकणाच्या बरीच खाली राहते, त्यामुळे ठिबकत नाही आणि गांधीलमाश्यांचं तोंडही पोचत नाही. हमिंगबर्डची जीभ मात्र सहज पोचते. काठोकाठ मात्र भरू नका. वाऱ्याने हेलकावा बसला की सांडतं. मी निम्म्याच्याही खाली भरते, नाहीतरी उरलेलं ओतूनच द्यायचं असतं.

पाण्याची वाटी मला सगळ्यात आवडते. आई इथे आली होती तेव्हा बघताक्षणी म्हणाली, "अगं, ही तर आपली परात!" लाडवांच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून ती परातीत पाणी घालून त्यात डबा ठेवायची, तीच ही युक्ती. फक्त इथे मुंग्या वरून, टांगायच्या दांडीवरून उतरतात. जुलैत वाटी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोरडी पडते, तेवढं लक्ष ठेवावं लागतं. तिथे तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याचे हाल होतात.

कड्यामुळे पक्षी बसून पितो आणि नीट बघायला मिळतो. जेमतेम ३ ग्रॅमचा जीव, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणारा, तो दहा-पंधरा सेकंद स्वस्थ बसतो. चोच भोकात, गळ्याखाली बारीक धडधड. चोच बाहेर काढली की पारदर्शक दोऱ्यासारखी जीभ क्षणभर तशीच बाहेर दिसते. नराचा गळा सावलीत काळाच वाटतो. मान वळली आणि ऊन पडलं की निखाऱ्यासारखा लाल! पैठणीचा पदर उजेडात फिरवल्यावर रंग पालटतो ना, तसं. तो लाल रंग पिसांत कालवलेला नसतो, पिसांच्या रचनेवर उजेड पडून दिसतो.

साखरपाणी घरीच करा. पाव कप साधी पांढरी साखर, एक कप पाणी. लाल रंगाच्या पुड्यांची काही गरज नाही, झाकण लाल आहे तेवढं पुरे. आपला हात साहजिकच गुळाकडे किंवा मधाकडे जातो, पण ते घालू नका. गुळातलं लोह या पक्ष्यांना बाधतं आणि मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते.

चार भोकं म्हणजे चार पक्षी एकदम येतील, असं मात्र धरून चालू नका. माझ्याकडे एक नर डॉगवुडच्या फांदीवर बसून चारही भोकं राखतो. मादी आली की बाणासारखा सुटतो आणि तिला कुंपणापार हाकलतो. हा फीडरचा दोष नाही, त्यांचा स्वभावच तसा आहे. पण मादीचं फार वाटायचं. घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं तिचं एकटीचं, आणि पाण्यावरूनही तिलाच हुसकावायचं?

सप्टेंबरमध्ये फीडर काढू नका. काढा, नाहीतर ते दक्षिणेला जायचे नाहीत, असं लोक उलटं सांगतात. ते खरं नाही. दिवस लहान झाला की ते जातातच. उलट तेव्हाच त्यांना चरबी साठवायची असते, कारण त्यांच्यातले कित्येक मेक्सिकोचं आखात, सुमारे ८०० किलोमीटर, एका दमात ओलांडतात. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे मी बशी तशीच ठेवते.

या मेमध्ये तसाच दुसरा फीडर आणला आणि घराच्या पुढच्या बाजूला लावला, डॉगवुडवरून दिसणार नाही असा. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर पांढऱ्या गळ्याची मादी कड्यावर बसली होती. मी मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजलं, तरी ती पीतच होती.