जोडून आलेला शाफ्ट आधी सोडवून बघा: गिअरबॉक्सच्या कामात झालेली फसवणूक

गिअरबॉक्स घरी उतरवून उघडणाऱ्याला सगळं स्वतः करता येतं, फक्त एका कामासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. केस उघडणं, शिफ्ट फोर्क काढणं, सर्कलिप, ऑइल सील, गास्केट ही सगळी कामं पाने आणि सबुरी यांवर निभावतात. शाफ्टवर घट्ट बसलेली बेअरिंग आणि सिंक्रोचे (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रचनेचे) हब काढून पुन्हा बसवायला मात्र प्रेस, म्हणजे दाबयंत्र, लागतो आणि तो घरी कुणाच्या असतो? मी फसलो ते नेमका तिथेच.

गाडी जुनी, गिअर पाच. तक्रारी दोन. चौथ्यातून तिसऱ्यात येताना खरखर व्हायची. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की बारीक घूं-घूं यायची आणि पेडल दाबलं की ती थांबायची. पेडल दाबल्यावर इंजिनकडून गती घेणारा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणजे आवाज बहुतेक त्याच्या बेअरिंगचा. (पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर घ्यायचा. तेवढ्यासाठी कुणी गिअरबॉक्स उघडायला लावत असेल तर तीही फसवणूकच.) खरखर तिसऱ्याच्या सिंक्रो रिंगची. उघडल्यावर दोन्ही अंदाज बरोबर निघाले.

शाफ्ट घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. वर्कशॉपवाल्याचं बोलणं गोड, हात सराईत. ‘‘हे बेअरिंग बाजारात मिळायचं नाही साहेब, माझ्याकडे एकच शिल्लक आहे. रिंगांचा सेटही देतो. तुम्ही कशाला पळापळ करता, मी शाफ्ट पूर्ण जोडूनच देतो.’’ यातलं पहिलंच वाक्य खोटं होतं. बेअरिंगवर ६३०५ सी३ असं लिहिलेलं होतं. ६३०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ६२, रुंदी १७. जगभर चालणारा मापाचा नंबर आहे हा, आणि सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. काही गिअरबॉक्समध्ये खास बेअरिंग असतात हे खरं, पण साध्या नंबराचं बेअरिंग ‘फक्त माझ्याकडेच आहे’ असं कुणी म्हणालं की शाफ्ट उचलून बाहेर पडावं.

शाफ्ट परत आला तो चकचकीत होऊन. रिंगा सोन्यासारख्या पिवळ्या, बेअरिंगला ताज्या तेलाचा ओलावा, सोबत नव्या सीलची दोन पाकिटं. खरोखर नवीन काय होतं, तर ती सील. जुने भाग मागितले तर ‘‘भंगारात गेले’’ असं उत्तर मिळालं.

गिअरबॉक्स बसवून गाडी सुरू केली तर घूं-घूं जशीच्या तशी. फोन केला. ‘‘नवीन बेअरिंग आहे, रुळायला वेळ लागतो.’’ हे ऐकून खरं तर हसू यायला हवं होतं. चांगलं बेअरिंग नीट बसवलेलं असेल तर पहिल्या फेरीपासून गप्प फिरतं. तिसऱ्यात खरखरही चालूच होती. गाडी पुन्हा जॅकवर, गिअरबॉक्स पुन्हा खाली.

पहिल्यांदा उघडताना मी प्रत्येक भागाचे जवळून फोटो काढून ठेवले होते. जुळवताना क्रम चुकू नये एवढाच हेतू होता. त्यातल्या एका फोटोत तिसऱ्याच्या जुन्या रिंगचा एक दाता टोकाला चेपलेला दिसतो, बाजूच्या खाचेपासून डावीकडे दुसरा. ‘नवीन’ रिंग हातात घेतली. खाचेपासून डावीकडे दुसरा दाता, टोकाला तसाच चेपलेला. माझीच रिंग ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून उजळवून, मला विकली होती.

ब्लास्टिंगने पितळ उजळतं, पण झिजलेलं भरून येत नाही. रिंगच्या आतल्या निमुळत्या बाजूला आट्यांसारख्या बारीक धारा असतात. गिअरच्या कोनावरचं (ज्यावर रिंग बसते त्या निमुळत्या भागावरचं) तेल कापून काढायचं काम त्यांचं. ते तेल कापलं गेलं तरच पकड बसते आणि दोघांचा वेग जुळतो. नव्या रिंगच्या धारा नखाला जाणवतात. या रिंगवर त्या चपट्या पट्ट्या झाल्या होत्या. कोनावर बोटांनी दाबून पिळली तर न अडकता घसरत होती. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पाती. रिंग कोनावर दाबून धरायची आणि रिंगचे दाते व गिअरचे दाते यांच्यातली फट गोलाकार तीन-चार जागी मोजायची. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ०.८ मिमीच्या खाली रिंग बाद. इथे ०.५ चं पातंही अडखळत होतं.

बेअरिंग मात्र माझं नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतलं होतं. शाफ्टवरून काढायच्या आधीच भिंगाखाली बघितलं. नंबर ठळक होता, पण त्याच्याखाली घासल्याच्या समांतर रेघा आणि जुन्या अक्षरांची पुसट शेपटी दिसत होती. गोळ्यांच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात करपलेल्या तेलाचा तपकिरी थर. नव्या बेअरिंगमध्ये करपलेलं तेल येणार कुठून? काढल्यावर चष्मा घालून ग्राइंडरने बाहेरची रिंग कापली. आतल्या रिंगच्या धावपट्टीवर पापुद्रा निघून खड्डा पडलेला होता, आवाज तिथूनच येत होता.

फोटो घेऊन गेलो तेव्हा त्याने आधी तेलावर ढकललं: ‘‘जीएल-५ घातलं असेल, ते पितळ खातं.’’ जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे. तेलाबद्दलची गोष्ट निराधार नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त दाब सोसणारी रसायनं जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात. त्यातली काही पितळाला चावतात आणि त्या तेलात सिंक्रो घसरण्याचीही शक्यता असते. पण मी मॅन्युअलमध्ये सांगितलेलं जीएल-४ घातलं होतं, डबाही सोबत नेला होता. शिवाय तेलाने दाता चेपत नाही, आणि तोही नेमका तोच दाता. मग पुढचा पवित्रा: ‘‘तुम्ही घरी जोडलंत, आता गॅरंटी कशी देणार?’’ घरी काम करणाऱ्यांनी हे वाक्य कान देऊन ऐकावं. अशा धंद्याचा सगळा आधार त्यावरच आहे. भाग जुना निघाला तरी बोट तुमच्या जोडणीकडे दाखवता येतं, आणि बहुतेक लोक स्वतःवरच शंका घेत घरी परततात. शेवटी चेपलेल्या दात्याचे दोन्ही फोटो त्याच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा भागांचे पैसे परत आले. मजुरी आली नाही, आणि भांडून ती येईल असं वाटलंही नाही.

दुसऱ्या वेळी भाग मीच आणले, पाकीट मी फोडलं आणि वर्कशॉप बदलून फक्त दाबायचं काम दिलं, तेही समोर उभं राहून. समोर उभं राहण्याचा आणखी एक फायदा आहे. शाफ्टवर बेअरिंग बसवताना दाब आतल्या रिंगवरच यायला हवा. घाईत बाहेरच्या रिंगवर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, धावपट्टीवर खळगे पडतात आणि अस्सल बेअरिंगही आवाज करू लागतं. उघडं, सील नसलेलं बेअरिंग असेल तर प्रेसशिवायही भागतं. ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत सारखं तापवलं की शाफ्टवर हाताच्या दाबाने सरकतं, फक्त १२५ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि ज्योत थेट लावायची नाही. अस्सल-नकलीची शंका आली तर काही बेअरिंग कंपन्यांनी पडताळणीची सोय केली आहे. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’ आणि शेफलरचं ‘ओरिजिनचेक’ ही ॲप त्यासाठीच आहेत.

आणि शाफ्ट देण्याआधी प्रत्येक गिअरवर, हबवर, रिंगवर सहज न दिसणाऱ्या जागी कोरणीने बारीक खूण करा. रंगाच्या पेनाची खूण धुतली जाते. जुने भाग परत हवेत हे काम देतानाच सांगा. समोरचा तिथेच चुळबुळ करू लागला तर उत्तर मिळालंच.

आता तिसरा गिअर निमूट पडतो. रिव्हर्स मात्र अजून किंचाळतो आणि तो किंचाळणारच. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सच्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरसारखे तिरपे नसतात, म्हणून तो आवाज येतो. त्याच पहिल्या वर्कशॉपमध्ये मला त्याचंही ‘बेअरिंग गेलंय’ म्हणून सांगितलं होतं.