रिकामं फोल्डर आणि ई-टू-एफएससीकेचा कॅपिटल डी

सावद्याला आमचा वजनकाटा आहे. केळीची गाडी आधी रिकामी चढते, मग भरून. दोन्ही वेळा कॅमेरा फोटो काढून जुन्या लिनक्स पीसीत टाकतो. मध्यंतरी कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमला काय झालं कोण जाणे, काट्यावर गाडी असो-नसो, दर सेकंदाला एक फोटो! बारा दिवसांनी लक्षात आलं, तोवर दहा लाखांवर फोटो साचले होते. त्यातले निम्मे अंधाराचे.

सगळे उडवले. डिस्क मोकळी झाली, पण ते फोल्डर उघडायला तरीही मिनिटभर लागायचं. आत फायली किती? तीन! 'एलएस -एलडी' ही फोल्डरची माहिती दाखवणारी कमांड मारली तर फोल्डरचा स्वतःचाच आकार 6,23,12,448 बाइट. ईएक्सटी4 ही लिनक्सची डिस्कवर फायली मांडायची पद्धत. तिच्यातलं फोल्डर म्हणजे नावांची वही. नाव खोडलं जातं, पान फाडलं जात नाही. पुढच्या नावासाठी कोरं राहतं. तीन नावं वाचायची तरी हजारो कोरी पानं उलटायची.

त्यावर औषध म्हणजे 'ई-टू-एफएससीके -एफडी', डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, त्यातला डी कॅपिटल. फुकट आहे, बहुतेक लिनक्समध्ये आधीच असतं. फोल्डरं नव्याने बांधतं, उरलेले ब्लॉक, म्हणजे ती कोरी पानं, डिस्कला परत करतं. आमची आठ आकडी संख्या चार आकडी झाली. फोल्डर आता लगेच उघडतं. जागा वाचली म्हणाल तर साठेक एमबी, म्हणजे काहीच नाही. सुटलं ते वाट बघणं.

या टूलच्या रेटिंगमधून एक स्टार कापतो तो यासाठी, की चालू डिस्कवर हे करता येत नाही, आधी अनमाउंट करावी लागते, म्हणजे सिस्टीमपासून सोडवावी लागते. आणि अनमाउंट केली की काटा बंद. मी दुपारी तीनला, गाड्या नसतात म्हणून, सुरू केलं आणि नेमका एक ड्रायव्हर आला. "भाऊ, पावती द्या ना, दिल्लीचा माल आहे." इकडे स्क्रीनवर 'पास 2', म्हणजे तपासणीचा दुसरा टप्पा, सरकेना. वरून लाइट जाते की काय ही धाकधूक. इन्व्हर्टर होता म्हणून हात घातला. तुमच्याकडे नसेल तर घालू नका, आणि आधी बॅकअप घ्या.

एकच फोल्डर फुगलं असेल तर खरं तर याचीही गरज नाही. प्रोग्रॅम थांबवा, शेजारी नवं फोल्डर करा, फायली त्यात हलवा, जुनं उडवून तेच नाव नव्याला द्या. परवानग्या तेवढ्या जुळवून घ्या. दोन मिनिटांचं काम. मला हे सुचलं तेव्हा 'पास 3' चालू होता आणि ड्रायव्हर शेवभाजी खाऊन परत आला होता.